रायझन ५ ८६००जी: कार्ड काढून टाकलं, त्यानंतरचा अनुभव

माझं काम लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं, गाव परभणी. पाच-सहा वर्षं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डावर काढली. ऐन लग्नसराईत त्याचा पंखा घरघरायला लागला. खोलून बघितलं तर पात्यांच्या मागं कापसाचा भुसकट थर, बोटानं सोलून काढावा लागला. घरामागं जिनिंग आहे, हिवाळाभर तिथून तंतू उडतात. साफ केलं, पण बेअरिंग गेलेलंच होतं.

नवीन कार्ड घ्यायच्या ऐवजी एएमडीचा ८६००जी प्रोसेसर घेतला. याच्या पोटातच रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स आहे. पहिले पंधरा दिवस लई मनस्ताप झाला. फोर-के फुटेज टाइमलाइनवर ओढलं की अडखळायचं. हळदीच्या गाण्यावर कट मारायचा तर चित्र मागं, ढोल पुढं.

दोष चिपचा नव्हता. जोडून देणाऱ्या दुकानदारानं १६ जीबीची एकच रॅम टाकली होती. "दादा, एक स्लॉट मोकळा राहू द्या, पुढं वाढवता येईल," असं म्हणाला आणि मी मान डोलावली. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते सिस्टीमच्या रॅमवरच जगतं. डीडीआर५ ५६०० रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त ४४.८ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ८९.६. जुन्या कार्डाकडं स्वतःचे १२८ होते. म्हणजे एका बोअरवर दोन मळे भिजवायला निघालो होतो. दुसरी पट्टी बसवली त्याच रात्री तीच हळद सलग चालली. मी ती तीनदा बघितली.

विजेचा फरकही मोठा. आधी ७५ वॅट नुसतं कार्डच खायचं, आता ग्राफिक्स धरून अख्खा प्रोसेसर ६५ वॅटचा. लाईट गेली की यूपीएस आधी लगेच कोकलायचा, आता काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा खोलीतली एक भट्टी कमी झाली हेही सुख.

माझ्या मते १६५० च्या तोलाच्या छोट्या कार्डांचे दिवस भरले. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिजनं ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर आणलं, तेव्हा ते कामचलाऊ होतं. आज एएमडीच्याच रायझन एआय मॅक्स+ ३९५ प्रोसेसरमध्ये ४० कम्प्यूट युनिट, म्हणजे ग्राफिक्सचं काम ओढणारे भाग, आहेत, माझ्याकडं ८. पण त्याची रॅम बोर्डावरच डकवलेली येते, नंतर वाढवता येत नाही. हे मला अजिबात पटत नाही. माझं मशीन एका जादा पट्टीनंच तर सुधारलं.

लातूरचा माझा एक मित्र घरांचे थ्रीडी वॉकथ्रू करतो. त्याला मात्र मी कार्डच घ्यायला सांगितलं. आरटीएक्स ४०६० ला स्वतःची ८ जीबी मेमरी आणि सेकंदाला २७२ जीबीचा वेग आहे, तिथं ८६००जी पुरणार नाही.

लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग एवढंच एडिटिंग असेल तर बिनधास्त घ्या. फक्त दुकानातून उठायच्या आधी मशीन चालू करायला लावा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोन स्लॉट भरलेले दिसतात का ते बघा.