आजीचं हिमोग्लोबिन साडेनऊ: गोळी, सलाईन की ‘वयच झालंय’?

पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाचा रिपोर्ट हाती आला की सोलापुरात घरोघरी एकच बोलणं ऐकू येतं: ‘आता वय झालं, रक्त कमी असायचंच.’ मला हे अजिबात पटत नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ८५ वर्षांवरच्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा झाला. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली हिमोग्लोबिन (दर डेसिलिटर रक्तात इतके ग्रॅम) असणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त होता, बायकांत साधारण दीडपट, पुरुषांत दुपटीहून अधिक. ‘मला काही आजार नाही’ म्हणणाऱ्यांतही तो वाढलेलाच होता. रक्त वाढवलं की आयुष्य वाढतं, हे यातून सिद्ध होत नाही. पण हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, एवढं नक्की.

म्हणून आधी कारण शोधा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ (जीवनसत्त्व) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम) या साध्या रक्ततपासण्या आहेत, सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातही विचारून बघा. शाकाहारी घरात, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी निघू शकतं; तिथे नुसतं लोह देऊन उपयोग नाही. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी पोटात हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो, तोही बघायला हवा. पोटाची दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) मात्र तिच्या निकालाने उपचार बदलणार असतील तरच करावी. थकलेल्या जिवाला उगाच त्रास नको.

लोह कमी निघालं तर माझा कौल आधी गोळीला. ती स्वस्त आणि घरच्या घरी घेता येते. कमी डोस, एक दिवसाआड, असं डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. त्याने पोट कमी बिघडतं. आजी कडक भाकरी चहात बुडवून खात असतील तर गोळी त्या वेळी देऊ नका, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. शौच काळी होईल, ती बहुधा गोळीमुळे. पण गोळी नसताना झाली तर लगेच दाखवा.

सलाईनमधून लोह महाग पडतं, दवाखान्यात बसावं लागतं, पण पोट गोळी सोसत नसेल किंवा किडनीचा जुना आजार असेल तर ते बरं ठरू शकतं. रक्ताची बाटली शक्यतो हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तरच, हृदयरोग असेल तर ८ च्या आसपास. तीही सावकाश, नाहीतर म्हाताऱ्या हृदयावर ताण येतो.

गोळी सुरू केल्यावर महिन्याभराने रक्त पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढलं नसेल, तर डॉक्टरांना सलाईनबद्दल विचारा.