कंपाइलर मधेच मरतो: जॉब कमी करायचे, मेमटेस्ट लावायचा की रॅम बदलायची?

लिनक्स कर्नल किंवा एलएलव्हीएम (कंपाइलर बनवण्याच्या साधनांचा मोठा सी++ प्रकल्प) सोर्सवरून बिल्ड करताना, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना, जीसीसी या कंपाइलरने मधेच मान टाकली की सल्ले सुरू होतात: जॉब (एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं) कमी कर, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लाव, रॅम बदल. यातला तुमच्या कामाचा कुठला, ते स्क्रीनवर काय उमटलंय यावर ठरतं.

‘किल्ड’ दिसलं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणाऱ्या यंत्रणेची, नोंद असेल, तर मशीन धडधाकट आहे. रॅम पुरली नाही म्हणून कर्नलनेच कंपाइलर मारला. मोठ्या सी++ प्रकल्पात एका जॉबमागे साधारण २ जीबी धरा. ८ जीबीच्या मशीनवर मेक -जे८ चा, म्हणजे एकदम आठ जॉबचा, हट्ट कशाला? -जे३ वर या. एलएलव्हीएममध्ये जास्त रॅम लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) खातं, तेवढेच जॉब वेगळे कमी करता येतात.

सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलत्याच जागी हात घातल्याने प्रोग्रॅम कोसळणं) असेल तर बिल्ड पुन्हा चालवा. दरवेळी त्याच फाइलवर अडलं तर बहुधा कंपाइलरचा बग. आवृत्ती बदलून बघा. अडणारी फाइल दरवेळी वेगळी असेल, तर संशय हार्डवेअरवर. खेड्यात लोक लगेच व्होल्टेजला दोष देतात. पण पंप सुरू होऊन व्होल्टेज पडलं तर बहुतेक वेळा अख्खं मशीनच रीस्टार्ट होतं, एकटा कंपाइलर मरत नाही.

हार्डवेअरवर संशय असताना जॉब कमी करणं मला पटत नाही. प्रोसेसर थंड राहतो, मेमरीवरचा ताण उतरतो, बिल्ड पूर्णही होतो. दोष मात्र तिथेच, आणि उलटलेला एखादा बिट गुपचूप बायनरीत (तयार प्रोग्रॅममध्ये) जाऊन बसू शकतो.

आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून बघा, फुकटचं काम आहे. प्रोसेसर इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीतला डेस्कटॉप असेल तर बायोस अपडेटही करा: २०२४ साली त्यातल्या अस्थिरतेवर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला. आधीच बिघडलेली चिप मात्र त्याने बरी होत नाही, ती वॉरंटीत द्यावी लागते.

मग मेमटेस्ट८६+. पेनड्राइव्हवरून चालतो, एक जरी चूक दाखवली तरी निकाल लागला. उलट निकाल स्वच्छ आला म्हणून रॅम सुटली असं नाही. सगळे कोर तापवणारा, एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) भार टाकणारा बिल्ड वेगळाच ताण देतो. बेळगावच्या एप्रिल-मेमध्ये बिल्ड चालू असताना तापमान बघा, पंख्यातली धूळ काढा. खानापूरकडे पावसाळ्यात वीज गेली की मेमटेस्ट पहिल्यापासून, मेक मात्र राहिलं तिथून पुढे जातं. यूपीएस नसेल तर मी तिथे बिल्डच पुन्हा पुन्हा चालवून तपासेन.

रॅम विकत घ्यायची घाई नको. दोन स्टिक असतील तर एक काढून बिल्ड करा, मग दुसरीवर करा. एकीवरच कंपाइलर मरत असेल तर चोर सापडला; वॉरंटी असल्यास तीच बदलून घ्या. नवीनच घ्यायची झाली तर निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ.

दुरुस्तीनंतर मेक क्लीन करून आधीच्या फाइल पुसा आणि सीकॅश (कंपाइलचे जुने निकाल साठवणारं साधन) वापरत असाल तर तोही रिकामा करा. खराब रॅमवर तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइल तिथे पडून असतात, आणि नव्या रॅमवरही त्याच जोडल्या जातील.