फोन चालू करून घेताना गेले ८४,२९९ रुपये

आधीच सांगते, मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही. हे वाक्य मी बँकेत, पोलीस ठाण्यात, सायबरवाल्यांसमोर आणि दोन्ही जावांसमोर म्हणून म्हणून थकले आहे.

माझं पोस्टपेड कनेक्शन. प्लॅन ५९९चा, जीएसटी धरून बिल ७०६ रुपये ८२ पैसे. यूपीआयने भरलं, खात्यातून वजा झाले, पण कंपनीच्या अ‍ॅपवर मात्र ‘थकबाकी’. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आउटगोइंग बंद! मी सांगलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. तो नंबर माझ्या पत्रकांवर छापलाय, पिशव्यांवर छापलाय. चकल्या तयार आहेत, अनारसे उद्या मिळतील, चिवड्याचे पैसे पाठवा, हे सगळं फोनवर चालतं. दहा वर्षं जपलेला नंबर आहे, नवं सिम घ्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता कस्टमर केअरची गंमत ऐका. माझ्या फोनवरून काहीही लावलं की बाई म्हणायची, ‘आपलं बिल बाकी आहे, भरण्यासाठी एक दाबा.’ भरलेल्या बिलाची तक्रार करायला कुठलाच आकडा नाही. तक्रारीसाठी १९८ असतो, पण तो त्याच कंपनीच्या फोनवरून लावावा लागतो. आमच्या ह्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा, त्यावरून १९८ लावला तर ती दुसरी कंपनी उचलते आणि ‘हा नंबर आमचा नाही’ म्हणून ठेवते. दुकानात गेले तर तिथला पोरगा म्हणाला, ‘पेमेंटचं आमच्या हातात नाही काकू, कस्टमर केअरला बोला.’ मी त्याला म्हटलं, बाळा, बोलू कशावरून? तर हसला.

तेव्हा ह्यांच्या फोनवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकून शोधलं. सगळे तेच करतात. वरच कंपनीच्या रंगातलं, बोधचिन्ह असलेलं पान आलं, त्यावर नंबर. पहिल्या रिंगला उचलला. ‘नमस्कार मॅडम, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?’ मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये तोडलं नाही, होल्डवर टाकलं नाही, गाणं वाजवलं नाही. ‘मॅडम, आपको बहुत तकलीफ हुई,’ म्हणाला.

इथे मला कळायला हवं होतं. खऱ्या कंपनीचा माणूस इतका गोड बोलतो होय? नंबर साधा दहा आकडी मोबाइलचा होता, १८०० वगैरे काही नाही. तोही मी पाहिला होता. पण आठवडाभर यंत्राशी बोललेल्या बाईला शेवटी एक माणूस भेटला, तर ती त्याचा नंबर मोजत बसेल का? एकीकडे चकलीचा घाणा तेलात, दुसरीकडे दारात ऑर्डर न्यायला आलेलं गिऱ्हाईक. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका.

त्याने माझ्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप केलं. घरच्या वाय-फायवर ते चालू होतंच, डीपीला कंपनीचं बोधचिन्ह. एक फाइल पाठवली, म्हणाला, यातून फक्त १० रुपये भरा, व्हेरिफिकेशन होईल आणि अर्ध्या तासात लाइन चालू. फाइल उघडताना फोनने इशारा दिला की हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय. तो म्हणे, ‘वो सबको आता है मॅडम, अलाऊ कर दीजिए.’ नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही पाठवो, तुमच्या सख्ख्या भावाने पाठवो, उघडू नका. अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती दिली. फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. १० रुपये काही गेले नाहीत, ‘सर्व्हर बिझी’ आलं. तो म्हणाला, थोड्या वेळाने आपोआप होईल, फोन बंद करू नका.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. आउटगोइंग बंद असलं तरी ओटीपी आत येत होते. ते मला दिसण्याआधी त्या अ‍ॅपकडून परस्पर तिकडे जात होते. ४९,९९९ गेले. मग २४,५००. ईमेल ह्यांनी पाहिला म्हणून कळलं, मेसेज एकही नाही. आणि मी बँकेला फोन लावायला गेले तर कानात तीच बाई : ‘आपलं बिल बाकी आहे.’ घरात चोरी चाललीय आणि ओरडायला तोंड नाही!

ह्यांच्या फोनवरून बँकेला लावला. भाषा निवडा, कार्डाचे सोळा आकडे टाका, जन्मतारीख टाका. कार्ड ब्लॉक झालं म्हणून तक्रार क्रमांक दिला, आणि त्यानंतर आणखी ९,८०० गेले. तक्रार क्रमांक मिळाल्यानंतर! कार्डाची ऑनलाइन खरेदीची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून शून्यावर आणता येते. ज्यांना लागत नाही त्यांनी आजच आणा.

मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, १९३० लावला. लाइन व्यस्त. लागली तेव्हा त्या बाईंनी नीट लिहून घेतलं, तेवढं खरं बोलते. व्यवहाराचे क्रमांक हाताशी ठेवा, ते नसले तर तिथेच वेळ जातो आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. फोनचं इंटरनेट आधी तोडा, मग फोनाफोनी करा.

मग पोलीस ठाणे. तिथले साहेब म्हणाले, ‘हे आमच्याकडे नाही, सायबरला जा.’ सायबरला गेलो तर म्हणाले, ‘आधी तुमच्या ठाण्यात नोंद करा.’ मुलाने पुण्याहून सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्नच नाही, गुन्हा कुठेही घडो, नोंदवून घ्यावा लागतो. मी ते कलम म्हटलं तर साहेबांनी ह्यांच्याकडे पाहून विचारलं, ‘वकील आहेत का मॅडम?’ नाही हो, मॅडम चकल्या करतात. शिक्का मारलेलं बँकेचं स्टेटमेंट आणा, ते आणलं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या पानांच्या छापील प्रती आणा, त्या आणल्या तर आज लिहिणारे रजेवर. त्यांच्या समोरच्या भिंतीवर ‘सायबर गुन्ह्यांपासून सावध राहा’ असं पोस्टर होतं, त्यावर नंबरही १९३० छापलेला.

बँकेचे मॅनेजर म्हणाले, कार्डाची माहिती तुम्हीच भरलीत, जबाबदारी तुमची. ६ जुलै २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्यात लिहिलंय की ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातं ते बँकेचं नुकसान, आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करणंही बँकेकडेच. त्यांनी ते कधी पाहिलं नसावं, असं तोंड झालं. तोंडी बोलू नका, अर्ज द्या, पोच घ्या. पोच मागितली की आवाज खाली येतो. ते ९,८०० परत मिळाले. २४,५०० दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात गोठवलेले आहेत, सोडवायचे तर न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. ४९,९९९ कुणीतरी काढून घेतले, त्याबद्दल कुणी बोलतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मी तक्रार टाकली आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर तिथे जाता येतं, पैसे पडत नाहीत.

फोनमधलं ते अ‍ॅप सापडेचना, चिन्हच दिसत नव्हतं. शेवटी सगळा फोन पुसून काढावा लागला, नातीचे बारशाचे फोटो गेले.

आणि टेलिफोन कंपनी? ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, लिहावं म्हटलं तर ट्राय एकेकाच्या तक्रारी घेतच नाही. कंपनीकडेच तक्रार करायची, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलंय. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर असे फसवे फोन कळवायला ‘चक्षु’ म्हणून सोय आहे, त्या लबाडाचा नंबर मी तिथे टाकला. कस्टमर केअरचा नंबर कधी हवा असला तर जुन्या कागदी बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून घ्या, शोधून नका घेऊ.

माझे ७०६ रुपये ८२ पैसे त्यांना अखेर ‘सापडले’. लाइन चालू झाली, तोवर भाऊबीज होऊन गेली होती आणि निम्म्या ऑर्डरी दुसरीकडे. पुढच्या बिलात विलंब शुल्क १०० आणि त्यावर जीएसटी १८, असे ११८ रुपये लावले आहेत. ते मी भरणार नाही. अपील टाकलंय.