चौकोनी बेलर, पाच महिने वापरल्यावर: सगळं अडलं ते डाव्या गाठीवर

बेलर म्हणजे पाला-गवत दाबून त्याचे सुतळीने बांधलेले गठ्ठे करणारं, ट्रॅक्टरमागचं यंत्र. पीटीओ (ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेरे, गठ्ठा १४ बाय १८ इंच वगैरे माहितीपत्रकात आहे, ते पुन्हा लिहीत नाही. दिवाळीनंतर पहिला ऊस तुटला तेव्हापासून मार्चपर्यंत माळशिरस भागात फक्त पाचट (उसाचा वाळका पाला) बांधलंय. ५० एचपीचा ट्रॅक्टर ओढतो, कुरकुर नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय.

पहिला महिना गुण्यागोविंदाने गेला. गठ्ठ्याला दोन सुतळ्या, म्हणून गाठ मारणारे नॉटरही दोन. मग डावा नॉटर गाठ सोडायला लागला. उजवा ठणठणीत, डावा दहा गठ्ठ्यांत दोनदा दगा देणार. गठ्ठा एकाच सुतळीवर बाहेर यायचा आणि भुईवर पडला की फुटायचा. फुटलेलं पाचट परत ओळीत ओढायला गडी वेगळा, त्याची हजेरी वेगळी.

सर्व्हिसला पाच फोन. सहाव्या दिवशी मेकॅनिक आला, दहा मिनिटांत बिलहूकची, म्हणजे गाठ वळणाऱ्या चोचीची, स्प्रिंग आवळली, "मालक, आता बघायचं काम नाही" म्हणाला आणि येण्याजाण्याचे ८०० घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वेगळंच. गाठ बसायची, पण बिलहूकच्या चोचीवरून सुटायचीच नाही, तिथंच ताणून तुटायची. आधीचं दुखणं परवडलं! नशीब, आवळायच्या आधी मी नटावर रंगाची खूण केली होती. स्प्रिंग होती तिथं परत आणली.

जानेवारीत इथवर लिहून शेवटी 'घेऊ नका' असं ठोकलं होतं. ते आता खोडतो.

आमचे अण्णा रानातल्या तुटक्या सुतळ्या वेचतात, जनावराच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये म्हणून. एका संध्याकाळी त्यांनी मूठभर माझ्यापुढं टाकल्या. "बघ की, सगळ्यांच्या एकाच टोकाला गाठ हाय. दुसरं टोक कोरं."

सकाळी ट्रॅक्टर बंद केला, पीटीओ शाफ्ट काढला, नॉटर हाताने ट्रिप केला, म्हणजे गाठ मारायला सोडला, आणि पोराला फ्लायव्हील (बेलरचं जड चाक) हळूहळू फिरवायला लावलं. मी मान वाकडी करून डाव्या नॉटरकडे बघत बसलो. सुई सुतळी घेऊन वर आली, सुतळी तिला धरणाऱ्या चकतीच्या खाचेत बसली, चोच फिरायला लागली आणि एक टोक पकडीतून अलगद निसटलं. म्हणजे चोच निर्दोष, सुतळी धरणारी पकडच ढिली. बोल्ट पाव फेरा आवळला, परत फिरवून बघितलं. आणखी पाव फेरा. बसली गाठ! जोरात आवळू नका, पकड सुतळीच कुरतडते आणि टोकं पिंजून निघतात. आणि एका वेळी एकच बोल्ट, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

आता खरं सांगतो. डिसेंबरात बंडलामागे दीडशे रुपये वाचतात म्हणून मी बारीक सुतळी आणली होती. जाड सुतळीवर बसवलेली पकड बारकीला धरणार कशी? उजवीकडची मुळात जरा घट्ट होती म्हणून निभावलं. तरी मेकॅनिकला माफी नाही. सुतळी कुठली, हे त्याने विचारायला नको होतं?

बाकी थोडक्यात. सकाळी दवात पाचट ओलसर असतं, तेव्हा दाबाच्या स्प्रिंगा सैल ठेवा. दुपारी तेच वाळून निसरडं होतं आणि गठ्ठे पिसासारखे हलके येतात, तेव्हा आवळा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. शिअर बोल्ट तुटतोय म्हणून कडक बोल्ट घालायची हुशारी करू नका. जास्त भार आला की तो तुटण्यासाठीच असतो, नाहीतर सुया जातील.

फेब्रुवारीत परत जाड सुतळी घेतली, पकड पाव फेरा मागे आणली. तेव्हापासून दिवसाला एखादाच गठ्ठा सुटतो. बारीक सुतळीची सात बंडलं गोठ्यात पडून होती. दोन तोंडलीच्या मांडवाला लागली, पाच उरलीत.