कामावर बोटं गेली, नुकसानभरपाईची केस: ठाण्यातल्या वकील मॅडमचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाची उजव्या हाताची तीन बोटं रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली, सात-आठ माणसांचं युनिट, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) वगैरे काही नाही, आणि हॉस्पिटलमधून घरी आणला तोवर शेठने पलटी मारली की हा माझा कामगारच नाही, ठेकेदाराचा आहे. ओळखीतून ठाणे स्टेशनजवळच्या या वकील मॅडमकडे गेलो. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, अपिलाच्या भरवशावर राहू नका, जे काय आहे ते इथेच कमिशनरपुढे (कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी) आलं पाहिजे, हायकोर्ट पुरावे परत चाळत नाही, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच अपील ऐकतं. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही हे कायद्यातच आहे, तरी त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. भावाचा मोबाईल घेऊन बसल्या, शेठचे "आज नाईट कर" असले मेसेज, पगाराच्या जीपे एन्ट्र्या, सगळ्याच्या प्रिंट काढून घेतल्या. उलटतपासणीत शेठला त्याचाच मेसेज वाचायला दिला, तेव्हा तो नुसता कागदाकडे बघत राहिला.

हिशोब पण समोर बसून मांडून दाखवला. पगार 18,000 असला तरी कायदा 15,000 च धरतो (याचा मला अजून राग आहे), त्याचे 60 टक्के 9,000, त्याला वय 35 म्हणून कायद्याच्या तक्त्यातला गुणक 197.06, आणि एका हाताची तीन बोटं गेली की कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरतात म्हणून त्याचे 30 टक्के, म्हणजे 5,32,062 रुपये, वर 12 टक्के व्याज. निकाल तसाच लागला.

शेठ अपिलात गेलाच. पण मालकाला आधी सगळी रक्कम भरावी लागते, त्याशिवाय अपील दाखल होत नाही, त्यामुळे आमचे पैसे बुडायची भीती नव्हती. हायकोर्टाने सांगितलं की कामगार कोणाचा हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, तो पुराव्यावर ठरलाय, आणि अपील फेटाळलं.

फी आधीच ठरवून घेतली. टक्केवारी मागितली नाही, वकिलाला तशी घेताच येत नाही असं त्याच म्हणाल्या, बाहेर मात्र एकाने आमच्याकडे सरळ हिस्सा मागितला होता! झेरॉक्स-टायपिंगचा खर्च वेगळा. दिवसा फोन लागत नाही, संध्याकाळी ऑफिसलाच जावं लागतं आणि गर्दी असते, बसायला जागा कमी.

आमची केस 1923 च्या जुन्या नुकसानभरपाई कायद्यातली, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तर तुमचा अपघात कधीचा ते मॅडमना आधी सांगा. आणि उशीर करू नका, आम्हाला दावा लावायला दोन वर्षांची मुदत होती आणि त्यातले बरेच महिने शेठच्या "बघू, देतो" मध्येच गेले होते. जाताना पगाराचा जो काय पुरावा असेल तो, हॉस्पिटलचे पेपर आणि पोलिसात नोंद असेल तर तिची कॉपी घेऊन जा.