पावसाळ्यासाठी ट्रेनर : पंखा, चुंबक की तेल?

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस झाले की मला हमखास फोन येतात. "ट्रेनर घ्यायचाय रे, कुठला घेऊ?" ट्रेनर म्हणजे सायकल मागच्या बाजूने ज्यावर बसवून घरातच एका जागी पेडल मारायचे ते यंत्र. विचारणारा बहुतेक वेळा नुकतीच २०० किंवा ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करून आलेला असतो आणि नोव्हेंबरात नवा मोसम सुरू होईपर्यंत त्याला पाय टिकवायचे असतात. एकाच मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करून सुपर रँडोनर व्हायचं मनात असेल तर मधले चार महिने नुसते बसून काढणं परवडत नाही. पुण्यात पावसात सायकल चालवताच येत नाही असं नाही, मीही चालवतो. पण बोपदेव घाटाच्या ओल्या वळणावर सांडलेल्या डिझेलवरून मागचं चाक एकदा सरकलं की आठवड्यातले निदान तीन दिवस घरातच पाय हलवावेत असं वाटायला लागतं.

दुकानदार किंमत, वजन आणि वॉरंटी सांगतो. ते सगळं ठीक. पण ट्रेनर पायाला कसा लागणार हे ठरतं तो रेझिस्टन्स, म्हणजे पेडलला होणारा विरोध, कशातून आणतो यावर : हवेतून, चुंबकातून, तेलातून की विजेवर चालणाऱ्या चुंबकातून. मी पंख्याचा ट्रेनर एका पावसाळ्यात जेमतेम दोन आठवडे वापरला, चुंबकाचा दोन पावसाळे, तेलाचा वापरतोय त्याला हे पाचवं वर्ष. विजेवरचा स्मार्ट ट्रेनर माझ्या मालकीचा नाही, मित्र महिनाभर परदेशी गेला होता तेव्हा त्याच्या घरी जाऊन चालवला. माझं मत याच अनुभवातून आलेलं आहे, तेवढंच त्याचं वजन.

पंख्याबद्दल थोडक्यात सांगतो. मागच्या चाकाला टेकलेला रोलर फिरतो, रोलरला जोडलेला पंखा हवा कापतो. सपाट रस्त्यावर जरा वेगात गेलं की आपली बहुतेक ताकद हवेतच जाते. तिथे वेग दुप्पट करायचा तर हवेपुरती ताकद आठपट लागते, आणि पंख्याचं गणितही तेच. त्यामुळे पायाला तो खरा वाटतो. बिघडायला आत काहीच नाही. पण आवाज! मी तो कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पहाटे साडेपाचला लावायचो. दहाव्या-अकराव्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. दारातूनच म्हणाल्या, "रोज पहाटे डोक्यावर गिरणी चालू झाल्यासारखं होतं रे. ह्यांना रात्रपाळी असते, आत्ताच डोळा लागलेला असतो." त्यावर काय बोलणार? त्याच आठवड्यात ट्रेनर ज्याचा होता त्याला परत दिला. तुमचं घर बैठं असेल, मोकळी गच्ची किंवा पार्किंगचा कोपरा मिळत असेल, तर पंखा अजूनही स्वस्तात मस्त आहे. सोसायटीत मात्र नको. शेजाऱ्यांची झोप मोडून केलेला व्यायाम मला तरी लाभत नाही.

मग चुंबकाचा घेतला. बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात आणि त्यात चूक काही नाही. रोलरच्या टोकाला धातूची चकती असते, ती चुंबकांच्या जवळून फिरते, चकतीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते तिला मागे ओढतात. कुठेही घर्षण नाही, म्हणून आवाज कमी. हँडलवर एक खटका असतो, त्यातून निघालेली तार मागे जाऊन चुंबकांची जागा सरकवते. माझ्या खटक्याला पाच स्तर होते. पहिले दोन महिने मी खूश होतो. काकूंनीही जिन्यात भेटल्यावर सांगितलं की आता काही जाणवत नाही.

पण शेवटी मी तो विकला, आणि विकला तो या खटक्यापायीच. हे जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात पाच मिनिटं पेडल मारून हे कधीच कळणार नाही.

चुंबकाचा रेझिस्टन्स वेगाबरोबर वाढतो, पण हळूहळू वाढतो, हवेसारखा चढत नाही. म्हणजे नुसता गिअर बदलून तुमचं भागत नाही. मी ते करून बघितलं. खटका मधल्या स्तरावर ठेवला तर वॉर्मअपलाच पाय भरून यायचे, आणि सर्वात जड गिअरवर १०० केडन्स (मिनिटाला पेडलच्या १०० फेऱ्या) गाठूनही उभं राहून मारायला पुरेसा जोर मिळायचा नाही. म्हणून खटका हलवणं आलंच. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे पाच फेरे करायचे म्हटले तर दहा वेळा हात उचलून खटका ओढायचा. चौथ्या फेऱ्यात, श्वास वर आलेला असताना, घामाने निसरड्या झालेल्या हाताने.

त्यातून पुण्याचा पावसाळा. घरात सगळीकडे ओल, दोरीवर न वाळलेले कपडे, आणि घाम कोपरावरून थेंबाथेंबाने तारेच्या आवरणात उतरणार. ऑगस्टपर्यंत तार आत गंजायला लागली. खटका पाचवर जायचा, 'टक्' असा आवाजही व्हायचा, पण मागे चुंबक मात्र चारच्या जवळपास कुठेतरी अडकलेला. कधी पाचवरून दोनवर आणला तरी तो मागे यायचाच नाही, मग उतरून हाताने सरकवायचा. तेल घातलं, तार बदलली. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

मी रोजची नोंद वहीत ठेवतो. एका मंगळवारी लिहिलंय, 'स्तर ५, तिसरा फेरा, नाडी १६१'. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी 'स्तर ५, तिसरा फेरा, नाडी १४८'. गिअर तोच, केडन्स तेवढाच. तीन दिवसांत मी इतका तयार झालो नव्हतो. त्या दोन दिवशी 'पाच' म्हणजे नक्की किती होते हेच मला माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यापेक्षा आज आपण किती बरे आहोत हे कळावं म्हणून तर माणूस घरात घाम गाळतो. तेच कळणार नसेल तर काय उपयोग? काही कंपन्यांच्या तारा याहून चांगल्या असतील, माझ्या वाट्याला आलेलीच नेमकी वाईट असेल, हे मी मान्य करतो. तरीही घाम जिथे पडतो तिथून निघून मागच्या चाकापर्यंत जाणारी एक उघडी तार, ही रचना आपल्या हवेला मानवणारी नाही, असं माझं मत झालं ते झालंच.

तेलाच्या ट्रेनरला तारही नाही आणि खटकाही नाही. बंद डब्यात सिलिकॉनचं दाट तेल, आणि त्यात पात्यांचं छोटं चाक फिरतं. हळू फिरवलं तर तेल वाट देतं, जोरात फिरवलं तर अडून बसतं. रेझिस्टन्स वेगाबरोबर चढत जातो, रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध जातो तसाच. वाढवायचा असेल तर जड गिअर टाका आणि केडन्स धरून ठेवा. कमी करायचा असेल तर गिअर उतरवा. हात हँडलवरून हलवायची गरज नाही. मी पहिल्या दिवशी हलक्या गिअरवर सुरुवात करून मागचे गिअर एकेक करत पार शेवटपर्यंत गेलो आणि तिथे उभं राहून मारलं. शेवटी मी संपलो, पण ट्रेनरकडे अजून शिल्लक होतं. रस्त्यावर जशी सवय तशीच इथे. बीआरएमला हेच तर करायचं असतं : रस्ता जसा येईल तसा गिअर बदलत, पायाचा ताल न सोडता तासन् तास जायचं.

आवाजाला चुंबकाच्या जवळपासच आहे, माझ्या कानाला किंचित खर्जातला. खाली ऐकू जातं ते यंत्राच्या आवाजापेक्षा फरशीतून जाणारी थरथर, हे मला उशिरा समजलं. ट्रेनर कुठलाही घ्या, खाली जिमची जाड रबरी चटई घाला आणि शक्य असेल तर तुळईच्या जवळ, भिंतीलगत लावा. खोलीच्या मधोमध लावलात तर स्लॅब जास्त हलतो.

आता तेलाचे दोष, कारण ते आहेत. एक म्हणजे गार तेल जास्त दाट असतं. पहिली दहा मिनिटं ट्रेनर जड लागतो, मग तेल तापतं आणि तो हळूहळू सैल पडतो. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतले आकडे मी वहीत धरतच नाही. चुंबकाचे विक्रेते यावर बोट ठेवतात, पण चुंबकाची चकतीही तापते आणि तापल्यावर तिची पकड कमी होते, हे ते सांगत नाहीत. निदान माझ्या तेलाचा कल रोज एकसारखा असतो, पंधराव्या मिनिटानंतर तो जागेवर येतो आणि मंगळवारची तुलना शुक्रवारशी करता येते. दुसरा दोष मोठा आहे. पात्यांचा दांडा डब्यात शिरतो तिथलं सील गेलं तर तेल गळतं, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. अख्खा डबाच बदलावा लागतो. एका मित्राच्या फरशीवर मी असा चिकट डाग पाहिला आहे. कर्ट कायनेटिक या ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीने यावर छान तोड काढली होती : आतल्या पात्यांना बाहेरून दांडा जोडायचाच नाही, डब्याच्या भिंतीतून चुंबकाच्या ओढीने ती फिरवायची. मग गळायला सीलच उरत नाही. अशा रचनेचा जुना ट्रेनर कुणी विकत असेल तर जरूर बघा. माझा साध्या सीलचा आहे, आणि पाच वर्षांत अजून तरी गळलेला नाही.

तेलाचा आणखी एक फायदा ॲपवाल्यांसाठी. झ्विफ्टसारख्या, पडद्यावरच्या रस्त्यावर घरातून सायकल चालवायच्या ॲपवर स्मार्ट ट्रेनर नसला तरी चाकाला साधा वेगाचा सेन्सर लावून ताकदीचा अंदाज घेता येतो. तेलात प्रत्येक वेगाला एकच ताकद ठरलेली असते, त्यामुळे अंदाज बरा लागतो. चुंबकात तो खटका कुठे आहे यावर सगळं अवलंबून, आणि तो कुठे असतो हे वर सांगितलंच.

राहिला विजेवरचा, मागचं चाक काढून थेट चेन चढवायची तो. जे चांगलं आहे ते चांगलं म्हटलं पाहिजे. मित्राच्या घरी तो महिना मी फार आनंदात चालवला. आवाज फक्त चेनचा. टायर झिजत नाही, घसरत नाही. ॲपमध्ये चढ आला की पायाखाली खरोखर चढ लागतो. आणि २०० वॅट म्हटलं की २०० वॅट, तुम्ही केडन्स कमी-जास्त करा, तो स्वतः जुळवून घेतो. ज्यांना वॅटच्या आकड्यांवर काटेकोर तालीम करायची आहे, शर्यतीला उतरायचं आहे, त्यांनी इतर कशाच्या वाटेला जाऊ नये. पैसे असतील तर हाच घ्या, मी आडकाठी करणार नाही.

पण दोन गोष्टी. पावसाळ्यात त्या मित्राच्या घरी तीनदा ऐन मध्यात वीज गेली. इमारतीच्या जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे होते. त्याच्या ट्रेनरचा रेझिस्टन्स एकदम नाहीसा झाला आणि पाय हवेत मारल्यासारखे फिरले. टॅक्स निओसारखे काही ट्रेनर पेडलमधूनच वीज करून प्लगशिवाय चालतात, पण त्यांची किंमतही तशीच. दुसरी गोष्ट, आपल्याकडे अजूनही अनेकांच्या सायकलला मागे ८ किंवा ९ गिअर आहेत. ट्रेनरच्या ११ गिअरसाठी केलेल्या हबवर त्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवायला मागे १.८५ मिलिमीटरचा वॉशर लागतो. हे आधी विचारून घ्या, नाहीतर खोकं उघडल्यावर कळतं. एकाच ट्रेनरवर घरातल्या दोन वेगळ्या सायकली चढवायच्या असतील तर कॅसेट बदलायचा व्यापही धरा.

चाक न काढता लावायच्या तिन्ही प्रकारांना टायरचं काम सारखंच आहे. साधं टायर रोलरवर तापून झिजतं आणि फरशीवर काळी भुकटी पडते. एक जुनं चाक ट्रेनरसाठीच वेगळं काढून ठेवा आणि त्यावर ट्रेनरचं टायर चढवा. हवा दर वेळी तेवढीच भरा, रोलर दर वेळी तेवढ्याच फेऱ्यांनी आवळा. हे पाळलं नाही तर कुठल्याच ट्रेनरचे आकडे एका दिवसाचे दुसऱ्या दिवसाला जुळणार नाहीत. आणि हँडलपासून सीटपर्यंत एक जुना पंचा बांधा. घामाने स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे, स्क्रू किती लवकर गंजतात हे मी पहिल्याच पावसाळ्यात पाहिलं.

आठवड्यातून एखाद्या वेळी अर्धा तास पाय मोकळे करायचे, खटका एकदा लावून ठेवायचा आणि विसरायचा, एवढंच करायचं असेल तर चुंबकाचा ट्रेनर तुम्हाला पुरेल आणि पैसेही वाचतील. पण फेरे मारायचे असतील, दिवाळीनंतर ६०० ला उभं राहायचं असेल, आणि स्मार्ट ट्रेनरचे पैसे त्यापेक्षा एका चांगल्या दिव्यावर आणि टायरच्या जोडीवर घालावेसे वाटत असतील, तर मी तेलाकडे जाईन. किंबहुना गेलोच आहे.

जुना घेत असाल तर विकणाऱ्याच्या घरी जा. ट्रेनर उलटा करून डब्याखालच्या भागावरून कोरडं बोट फिरवा, चिकट लागलं तर तिथूनच परत फिरा. रोलर हाताने फिरवा, कुठे अडकतो का, खरखरतो का बघा. मग आपली सायकल चढवून पंधरा मिनिटं चालवा, पाच मिनिटांत उतरू नका, आणि उतरल्यावर पुन्हा एकदा खाली बोट फिरवून बघा. तापल्यावरच तेल वाट शोधतं.