बाळ-बाळंतिणीच्या मालिशीची घरपोच सेवा, सोलापूर : आमचा अनुभव

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालण्यासाठी घरी येणाऱ्या मावशी सोलापुरात आजही मिळतात. माझ्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणात आम्ही अशाच एका मावशींना बोलावले होते आणि त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले. त्यांच्या सेवेला नाव नाही, पाटी नाही. एका घरातून दुसऱ्या घरात त्यांची माहिती तोंडी पोहोचते. त्यांचे नाव येथे देणे मला उचित वाटत नाही, परंतु अशी सेवा घेताना काय पाहावे, हे पुढील मजकुरावरून ठरवता येईल.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण असा की तिची सुरुवात आईपासून होते. बाळ घरी आले की येणारा प्रत्येक जण पाळण्याकडे धावतो आणि जिने नऊ महिने ओझे वाहिले, ती कोपऱ्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसलेली असते. मावशी मात्र पहिल्या दिवशी थेट लेकीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "लेकरू झोपू दे, आधी तू पोटभर खाल्लीस का ते सांग." मग त्यांनी दवाखान्याचे कार्ड मागून घेतले आणि टाके, रक्तस्राव, ताप, लघवीची जळजळ, दूध उतरणे या साऱ्याची एकेक करून चौकशी केली. लेकीचे सिझेरियन झालेले असल्यामुळे डॉक्टर टाके तपासून होकार देईपर्यंत पोटाला हात लावायचा नाही, पोट आवळून बांधायचेही नाही, हे आम्ही सांगण्याआधी त्यांनीच आम्हाला सांगितले.

तोवर त्यांचा सारा भर पाठ, मान, खांदे आणि पोटऱ्या यांवर होता. त्यामागचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते. एका वेळेला अर्धा तास धरला तरी आई दिवसाचे चार ते सहा तास मान खाली घालून, हातांवर बाळ तोलून बसलेली असते, आणि त्यांतले निम्मे तास रात्रीचे असतात. या कामाची मोजदाद घरात कोणीही करत नाही. मावशींनी खांद्याच्या गाठी मोकळ्या करता करता मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीच्या उंचीपर्यंत कसे आणावे, हेही दाखवले आणि लेकीचे मानेचे दुखणे खरोखरच कमी झाले. एके सकाळी छातीला गरम, टणक गाठ हाताला लागताच त्यांनी ती जोराने चोळली नाही. बाळाला त्याच बाजूला पुन्हा पुन्हा पाजण्यास सांगितले आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्याची ताकीद दिली.

बाळाच्या बाबतीतही त्यांचा हात जितका सराईत, तितकाच सावध आहे. नाळ गळून पडेपर्यंत त्या बाळाला ओल्या मऊ कापडाने केवळ पुसून काढत होत्या. त्यानंतरच त्यांनी पायांवर घेऊन आंघोळ घातली. नाकाकानांत तेल सोडणे, नवजात बाळाची छाती पिळणे, डोळ्यांत काजळ घालणे यांपैकी काहीही त्या करत नाहीत. एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंनी बाळाला मध चाटवण्याचा आग्रह धरला, तेव्हा "वर्षाच्या आत मध नको, डॉक्टर नको म्हणतात" असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि त्या बाईंचा मान राहावा म्हणून बाळाच्या तळपायाला तीट लावण्याचे काम त्यांच्याकडे दिले. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको, पाणीसुद्धा नको, या नियमावर त्या ठाम आहेत.

आमच्या घरातली प्रसूती ऐन चैत्रातली. या दिवसांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि तरीही दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवण्याचा, बाळंतिणीला पाणी मोजून देण्याचा हट्ट काही घरांत टिकून आहे. मावशींनी शेगडी आणि धुरी दोन्ही नाकारली. बंद खोलीतला कोळशाचा धूर आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो, असे त्या म्हणाल्या. शेक हवाच असेल तर कोमट कापडाचा घ्यावा आणि पाणी तहान लागेल तितके प्यावे, हा त्यांचा सल्ला. हाळीव, डिंक, खारीक, बाळंतशोपा, मेथी यांना त्यांची हरकत नव्हती, मात्र लाडू खाल्ले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत, असे त्यांनी बजावले. नळाला पाणी रोज येत नसलेल्या आपल्या शहरात दोघांची आंघोळ त्या किती बेताच्या पाण्यात उरकत, याचेही मला कौतुक वाटले.

शरीराइतकेच त्यांचे लक्ष मनाकडे होते. दिवेलागणीला लेक विनाकारण रडते, हे त्यांनी माझ्याही आधी हेरले. पहिल्या एक-दोन आठवड्यांत असे पुष्कळ जणींना होते, परंतु रडणे त्यापुढेही चालू राहिले, झोपच येईनाशी झाली किंवा बाळाकडे पाहावेसे वाटेनासे झाले, तर ते आजारपण समजून डॉक्टरांना दाखवावे, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. जावई पुण्याहून आले, तेव्हा त्यांना समोर बसवून बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर कशी काढायची, लंगोट कसा बदलायचा, हे शिकवले. मलाही दुपारी दोन तास आडवे होण्यास लावले. लेकीचे बाळंतपण करणारी आईसुद्धा थकते, ही गोष्ट त्या दिवसांत मला त्यांच्याखेरीज कोणीही बोलून दाखवली नाही.

मावशी राहतात कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या १०,००० घरांच्या या वसाहतीचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्यांनी स्वतः तीन मुले विड्या वळून वाढवली. माझ्या लेकीला मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. मावशी मात्र प्रत्येक बाळंतपणानंतर महिन्याच्या आत मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि हात थांबला की चूल थांबते. दुपारी त्या आजही विड्या वळतात. म्हणूनच सकाळी बाळांची कामे पूर्ण होईपर्यंत तंबाखूला हात न लावण्याचा आणि धुतलेले लुगडे नेसून येण्याचा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला आहे. आमच्याकडे आल्यावरही कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्याशिवाय त्या बाळाला घेत नसत. तेलुगू अंगाईच्या सुरावर बाळ त्यांच्या पायांवरच झोपी जाई.

उणिवा सांगायच्या तर वेळेची खात्री नसते. आधीच्या घरी बाळ रडत असेल, तर त्या तिथून निघत नाहीत आणि पुढच्या घरी तास-दीड तास उशीर होतो. घरी कोणी आजारी असल्यास खाडा पडतो आणि बदली बाई मिळत नाही. एकदा नातवाला ताप असल्याने त्या आल्या नाहीत. आमची गैरसोय झाली, तरी त्या दिवसाचे पैसे कापून घेणे मला योग्य वाटले नाही. ज्यांना घड्याळाच्या काट्यावर काम हवे आहे, त्यांनी दवाखान्यातील परिचारिकांकडे दुसऱ्या कोणाची चौकशी करावी.

बाळ आणि बाळंतीण दोघांचे मिळून दिवसाला ३०० रुपये त्यांनी घेतले. त्यांच्या हातातले कसब आणि डोळ्यांतली जागरूकता पाहता हा दर मला कमी वाटतो. घासाघीस करू नये, आणि शेवटच्या दिवशी ओटी भरून साडी देण्याची रीत असली, तरी ती साडी मजुरीत धरू नये. सातव्या महिन्यातच सांगून ठेवावे लागते. अक्कलकोट रस्ता आणि पूर्व भागातील घरांना सकाळी लवकरची वेळ मिळते. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता या बाजूला त्या दहानंतर पोहोचतात. पहिल्या दिवशी दवाखान्याचे कार्ड, दोन जुने पंचे, दोघांसाठी वेगवेगळे खोबरेल तेल आणि बाळंतिणीचा नाश्ता तयार ठेवावा. तिने खाल्ल्याखेरीज त्या मालिशीला हात घालत नाहीत.